मातीत बुजलेल्या छावण्या

दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. तुळशीचे लग्न होते न होते तोच तो ढासळू लागतो आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्याचा बुरूज कोठे होता, हेही सांगता येत नाही. एखाद्या पोराने मापे घेऊन वहीत त्याचा आराखडा काढून ठेवला असता तर? स्कॉटलंडमध्ये एका माणसाने नेमके हेच केले. मात्र त्याचे किल्ले रोमन सैन्याचे होते.

रोमन फौज मुक्काम करी तेथे सभोवती खंदक खणी आणि निघालेल्या मातीचा बांध घाली. कोपरे गोलसर, दारे ठरावीक जागी. फौज पुढे गेली की मागे उरे तो केवळ बांध. दीड हजारांहून अधिक वर्षे लोटली. १७४६ साली कलोडनच्या लढाईत तेथील बंडाचा मोड झाला, तेव्हा सरकारला कळून आले, की या डोंगराळ मुलखाचा धड नकाशाच आपल्यापाशी नाही! १७४७ मध्ये लष्करी पाहणी सुरू झाली आणि विल्यम रॉय हा एकविशीतला तरुण त्या कामास लागला. १७५५ पर्यंत हजार यार्डांस एक इंच या प्रमाणात नकाशे तयार झाले.

नव्या लढायांसाठी जमीन मोजता मोजता रॉयला जुन्या लढायांचा छंद जडला. छावण्या आणि अँटोनाइनची तटबंदी त्याने मोजून काढली. त्याचा ग्रंथ मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १७९३ मध्ये, प्रसिद्ध झाला.

पण त्यात एक मोठी खोट होती. चार्ल्स बर्ट्रम नावाच्या इसमाने जुन्या धर्मोपदेशकाचे म्हणून एक बनावट हस्तलिखित पुढे आणले होते. रॉयने त्यावर विश्वास टाकला आणि आपले पुष्कळसे तर्क त्याच्या आधारे बांधले. एकोणिसाव्या शतकात लबाडी उघडी पडली, तर्क कोसळले. मग आराखडेही टाकून द्यावयाचे काय? नाही! ते पोथीवरून नव्हे, प्रत्यक्ष जमिनीवरून उतरले होते.

त्यानंतर नांगराने कित्येक बांध सपाट केले. ऑकेनडेव्हीच्या ठाण्यातून तर कालवाच गेला. परंतु बुजलेल्या खंदकात ओल टिकते आणि त्यावरचे पीक अधिक हिरवे, अधिक उंच वाढते. कोरड्या उन्हाळ्यात विमानातून ती रेघ स्पष्ट दिसते. १९४५ नंतर सेंट जोसेफ या संशोधकाने अशा असंख्य रेघा टिपल्या. पिकातली रेघ रॉयच्या आराखड्याशी ताडून पाहावी, शंका असेल तेथे चर खणावा आणि मग निर्णय द्यावा, अशी ही पद्धत. नकाशा हा साक्षीदार खरा. पण त्याचीही उलटतपासणी हवीच.

तेव्हा मंडळी, यंदाचा किल्ला मोडण्यापूर्वी मुलांच्या हाती दोरी आणि वही अवश्य द्या. किल्ला कोणाचा, यावर ती खुशाल भांडोत. माप तेवढे चुकू नये!