कृष्णाकाठच्या बँका

आमच्या दक्षिण महाराष्ट्रात एकेकाळी गावागणिक बँक होती. म्हणजे शाखा नव्हे हं, अख्खी बँक! सांगलीची सांगली बँक १९१६ची, मिरजेची मिरज स्टेट बँक १९२९ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ची. कराडची बँक ऑफ कराड, आणि पंचगंगेकाठी कोल्हापुरात १९४३ची रत्नाकर बँक. हळद, गूळ, ऊस यांचा हा मुलूख. पेठेला हंगामात पैसा लागायचा आणि तो देणारा माणूस गावातलाच असायचा.

मग एकेक पाटी उतरत गेली. १९८५ साली मिरज स्टेट बँक युनियन बँकेत गेली. १९९२च्या रोखे घोटाळ्यात मुंबईच्या सट्ट्याची झळ थेट कराडला लागली. बँक ऑफ कराड बुडाली आणि १९९४ मध्ये तिच्या शाखा बँक ऑफ इंडियाकडे आल्या.

सर्वात मोठा धक्का साताऱ्याचा. २ सप्टेंबर २००६, शनिवार, गणपतीचे दिवस. थकित कर्जांनी भांडवल खाऊन टाकलं होतं. युनायटेड वेस्टर्नवर निर्बंध आले, खात्यातून दहा हजारांपर्यंतच रक्कम काढता येणार! सुमारे २३० शाखांचे खातेदार हवालदिल. ठेवींना विम्याचं संरक्षण तेव्हा फक्त एक लाखाचं होतं (पाच लाख झालं ते २०२० साली). सुदैवाने महिनाभरात, ३ ऑक्टोबरला, बँक आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवी वाचल्या. भागधारकांच्या हाती शेअरमागे २८ रुपये पडले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००७ मध्ये, सांगली बँक आयसीआयसीआयकडे गेली. रत्नाकर तेवढी टिकली, पण २०१४ पासून तीही आरबीएल झाली. नावातून रत्नाकर गेलाच.

या बँकांबद्दल बोलताना आपण लगेच हळवे होतो. "मॅनेजर घरच्यासारखा होता हो!" खरंच होता. कागद अपुरा असला तरी त्याला माणूस माहीत असायचा, शेत माहीत असायचं. पण ओळखीवर कर्ज देणारा ओळखीपोटी वसुली लांबवतोही, हे आपण सोयीस्कर विसरतो. शिवाय सारे कर्जदार एकाच पट्ट्यातले असले की एक वाईट हंगाम सगळ्यांना एकदमच गाठतो. मोठ्या बँकेला साताऱ्याचा तोटा दुसरीकडे भरून काढता येतो, गावच्या बँकेला नाही.

तरी एक गोष्ट गेलीच. पूर्वी कर्जाचा शेवटचा निर्णय साताऱ्यात, सांगलीत व्हायचा. चुकला तरी जाब विचारायला माणूस समोर असायचा. आता इमारत तीच, खिडकीपुढची रांग तीच, पण मोठ्या कर्जाचा कागद मुंबईला जातो. ठेव सुरक्षित झाली हे चांगलंच झालं. फक्त बँक "आपली" म्हणायची सवय मोडली.