काटकोनात कोण बसतो?

पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग त्याला लोळवायचे, ही खंडनाची रीत नव्हे. म्हणून आधी तो पुऱ्या ताकदीनिशी मांडते. दिवसाचे आठ-दहा तास बसून लिहिणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या किंवा संगणकावर चाली बांधणाऱ्या माणसाची पाठ दुखते, कारण तो चुकीचा बसतो. बरोबर बसणे म्हणजे तीन काटकोन: एक घोट्याशी, एक गुडघ्याशी, एक कमरेशी, वर पाठ ताठ, नजर समोर. अशी बैठक कुणालाच आपणहून तासन्‌तास टिकवता येत नाही, म्हणून ती टिकवून धरणारी खुर्ची घ्यावी. ती महाग असते खरी. पण ज्याचे पोट बसण्यावर चालते, त्याने नेमका तिथे हात आखडता घेऊ नये.

यातले शेवटचे वाक्य मला अर्धे मान्य आहे. बसण्यावर पोट असलेल्याने खुर्चीचा विचार करावाच. बाकीची साखळी मात्र पहिल्याच कडीपाशी तुटते.

हा काटकोन आला कुठून? त्याचे मूळ बहुधा फ्रान्झ स्टाफेल या जर्मन अस्थितज्ज्ञाकडे नेऊन पोचवतात. त्यांनी १८८४ साली बसण्याच्या आरोग्यशास्त्रावर लिहिले. काळ शाळांच्या बाकांवरून वाद घालण्याचा होता आणि ताठ बसणे हा प्रकृतीइतकाच शिस्तीचाही प्रश्न होता. स्टाफेलच्या हाती क्षकिरण नव्हते. त्यांचा शोध लागला १८९५ साली. म्हणजे बसलेल्या माणसाच्या कण्याचे आत काय होते हे पाहण्याची सोय होण्याआधीच, कसे बसावे याचा निकाल लागून गेला होता.

सोय झाल्यावर काय दिसले? अमेरिकेतील ओमाहाचे शल्यचिकित्सक जे. जे. कीगन यांनी १९५३ साली वेगवेगळ्या स्थितींतल्या कण्याची क्षकिरण छायाचित्रे प्रसिद्ध केली. धड आणि मांडी यांच्यात साधारण १३५ अंशांचा कोन असतो, तेव्हा कमरेचा कणा आपल्या स्वाभाविक बाकात असतो. कुशीवर निवांत निजलेल्या माणसाचा कोन हाच. मांडी काटकोनापर्यंत वर आणली की तो बाक सपाट होऊ लागतो. पुढे १९६२ साली शोबर्ट या जर्मन वैद्याने त्याचा हिशेबही मांडला: काटकोनातले सुमारे ६० अंश खुब्याच्या सांध्यात वळतात, उरलेले ३० कमरेच्या कण्याला द्यावे लागतात. म्हणजे काटकोनात बसवून वर ‘कमरेचा बाक सांभाळा’ असे सांगणारा माणूस एका हाताने बाक काढून घेतो आणि दुसऱ्या हाताने, त्या लंबर सपोर्ट नावाच्या उशीने, तो परत मागतो.

कोपनहेगनच्या फिन्सेन इन्स्टिट्यूटमधले शल्यचिकित्सक ए. सी. मांडाल (नाव डॅनिश आहे, मांडीशी नाते नाही) यांनी तर वेगळीच युक्ती केली. चार तासांच्या परीक्षेला बसलेल्या विद्यार्थिनीची छायाचित्रे त्यांनी आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याने टिपली. पुस्तकातल्या काटकोनी बैठकीत ती एकाही छायाचित्रात सापडली नाही. ही मुलगी आळशी होती, असे म्हणावे काय? चार तास मन लावून काम करणारा माणूस प्रत्यक्षात कसा बसतो, याचाच तो पुरावा आहे. मांडालांचा उपाय होता पुढे उतरती बैठक आणि कामाकडे उतरते मेज. पेढीवरच्या मुनीमजींचे उतरते डेस्क ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातला अर्धा भाग नवा वाटणार नाही.

इथे प्रतिपक्ष हमखास नाखेमसन यांचे नाव घेतो. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभे असताना जो दाब, त्यापेक्षा बसल्यावर तो बराच जास्त, असे त्यांच्या आकड्यांत आले. ‘बसणे घातक, म्हणून निदान ताठ बसा’ हा उपदेश त्या तक्त्यावर उभा आहे. पण १९९९ साली जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका धडधाकट माणसाच्या चकतीत दाबमापक बसवून दिवसभराच्या हालचालींचे आकडे घेतले. उभे असताना ०.५० मेगापास्कल; टेकू न घेता सैल बसल्यावर ०.४६, पाठ मुद्दाम ताठ केल्यावर ०.५५, खुर्चीत ऐसपैस मागे रेलून, ज्याला आई ‘नीट बस’ म्हणून ओरडते तसे बसल्यावर सुमारे ०.३०. पुढे पुरते वाकल्यावर मात्र ०.८३.

हा एकाच माणसाचा कणा आहे. त्यावर नवा धर्म स्थापू नये. पण जुना धर्म पाडायला तो पुरेसा आहे. शिवाय आकड्यांचा शेवटचा भाग चित्रकारांनी, नकाशे काढणाऱ्यांनी आणि हाताने लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. रेलून बसण्यापेक्षा कागदावर ओणवे होणे चकतीला जड जाते, आणि ओणवे व्हायला खुर्ची भाग पाडत नाही, सपाट टेबल पाडते. कागद उचलून तिरक्या फळीवर आणला की माणूस आपोआप उठून बसतो.

‘मग पाठ दुखते ती का?’ प्रश्न रास्त आहे. २०१० साली ‘द स्पाइन जर्नल’मध्ये आलेल्या एका पद्धतशीर आढाव्याने, कामाच्या जागी बसणे हे एकटेच कंबरदुखीचे स्वतंत्र कारण ठरत नाही, असा निष्कर्ष काढला. बसण्याच्या कोनापेक्षा न हलण्याकडे बोट जाते. प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. तिचे पोषण शेजारच्या हाडातून झिरपून येते. स्नायू सतत ताणलेला राहिला की त्याचाही रक्तपुरवठा आवळतो. तेव्हा ‘बरोबर’ बैठकीत तुम्हाला जखडून ठेवणारी खुर्ची तिच्या जाहिरातीइतकीच यशस्वी झाली, तर ती घेऊन फसलात असे समजा.

जखडण्याचा कळस म्हणजे गेमिंग खुर्ची. तिच्या दोन्ही बाजूंना जे पंख असतात, ते शर्यतीच्या गाडीतल्या बादलीसारख्या सीटवरून आले. वळणावर चालक बाजूला फेकला जाऊ नये म्हणून ते तिथे असतात. आपले टेबल वळण घेत नाही.

आता सर्जनशील कामाच्या सर्वांत प्रसिद्ध खुर्चीकडे येते. कॅनेडियन पियानोवादक ग्लेन गूल्ड यांच्यासाठी १९५३ साली त्यांच्या वडिलांनी पत्ते खेळायच्या टेबलाची एक साधी घडीची खुर्ची घेतली, तिचे चारही पाय सुमारे चार इंचांनी कापले आणि प्रत्येक पायाला पितळी पट्टी व आटे बसवून तो वेगळा खाली-वर करता येईल असा केला. बैठक जमिनीपासून अवघी १४ इंच आली. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा गूल्ड पियानोच ठोकळ्यांवर चढवत. १९८२ साली मृत्यू होईपर्यंत त्यांनी ती सोडली नाही. शेवटी बसायची गादी झिजून नाहीशी झाली आणि ते उरलेल्या चौकटीवर बसून वाजवू लागले. बोटांनी खालून स्वर ओढून घ्यायची त्यांची पद्धत त्या उंचीशिवाय जमणारी नव्हती.

प्रतिपक्षी म्हणेल, गूल्डची पाठ कुठे धड होती? मान्य. आयुष्यभर ते दुखण्यांच्या तक्रारी करत होते आणि त्यांचे पोक काढून बसणे कुणीही गिरवू नये. माझा मुद्दा आरोग्याचा नाही, क्रमाचा आहे. त्या घरात आधी हात पाहिला, मग वाद्याची उंची, मग करवत काढली. आपण आधी खुर्ची ठरवतो आणि मग हात, टेबल, पाय यांना तिच्याशी जुळवून घ्यायला सांगतो. गूल्डच्या खुर्चीच्या हुबेहूब प्रतिकृती आज विकत मिळतात, ही या उलट्या क्रमाची परिसीमा.

उलट्या क्रमाचा एक बळी मीही आहे. भाषांतराचे मोठे काम हाती आले, तेव्हा ३८ हजारांची खुर्ची घेतली. दुकानातल्या मुलाने माझी उंची विचारली नाही, टेबलाचीही नाही. वजन तेवढे विचारले. माझी उंची पाच फूट एक इंच. गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत सव्वापंधरा इंच. खुर्ची सतरा इंचांखाली उतरत नाही. बसल्यावर माझे कोपर बैठकीपासून पावणेनऊ इंच वर येते, म्हणजे खुर्ची तळाशी असताना जमिनीपासून पावणेसव्वीस. आणि टेबल तीस इंच उंच. खांदे सव्वाचार इंच उचलून टंकलेखन करायचे, नाहीतर खुर्ची वर करून पाय सहा इंच अधांतरी ठेवायचे. सहा महिने मी दोन्ही आळीपाळीने केले आणि दुखण्याचा दोष माझ्या बसण्याला दिला.

या हिशेबात आणखी एक खोच आहे. खुर्च्यांची परदेशी मापे ठरवताना बुटाच्या टाचेची भर धरलेली असते. आपण घरी अनवाणी बसतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीय शरीराच्या मापांचे देबकुमार चक्रवर्ती यांचे पुस्तक १९९७ साली प्रसिद्ध केले. तरी आपल्या बाजारात खुर्ची मिळते ती नायटीसारखी, फ्री साइझ. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी १९९४ साली आणलेल्या एरॉन खुर्चीत दोन गोष्टी घेण्यासारख्या होत्या: हवा खेळणारी जाळी, आणि लहान-मध्यम-मोठी अशी तीन मापे. स्वस्त नकलांनी जाळी उचलली. जाळीची आपल्याला खरे तर नवलाई नव्हती; वेताची खुर्ची तेच करत होती. माप मात्र कुणी उचलले नाही.

दुसऱ्या टोकाच्या एका मताचाही समाचार घ्यायला हवा, कारण ते आपल्याकडे फार लाडके आहे: खुर्ची हीच विकृती, पूर्वज जमिनीवर बसत आणि त्यांची पाठ दुखत नसे. पूर्वजांची पाठ दुखत नसे हे कुणी मोजले? पतंजलीने आसनाला स्थैर्य आणि सुख अशा दोन अटी घातल्या, गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन फार उंच वा फार सखल नसावे असे आले; पण ही बोलणी ध्यानाची आहेत, हिशेबाच्या वह्यांची नव्हेत. जमिनीवरच्या बैठकीचा खरा गुण निराळा आहे. तिथे माणूस मांडी मोडतो, एक गुडघा उभा करतो, लोडाला रेलतो, पाय पसरतो, आणि यातले काहीच ‘चुकीचे’ नसते. मानवशास्त्रज्ञ गॉर्डन ह्यूज यांनी १९५५ साली जगभरच्या बसण्या-उभे राहण्याच्या रीतींचा आढावा घेतला, तेव्हा सुमारे शंभर ढबी नोंदवल्या. जमिनीने त्यांतल्या कितीतरी आपल्याला मोकळ्या ठेवल्या होत्या. ज्यांचे गुडघे कुरकुरत नाहीत त्यांनी खुशाल जमिनीवर लिहावे. माझे कुरकुरतात.

मंडन एवढेच की खुर्ची किती ढबींनी बसू देते यावरून तिची किंमत करावी. पाठ मोकळी मागे कलते का, आणि त्या कलण्याचा जोर तुमच्या वजनाला जुळवता येतो का? हे लिहिणाऱ्याला तर फारच हवे. लिहिणारा लिहितो कमी आणि छताकडे पाहतो जास्त. बैठकीची पुढची कड गोलसर हवी आणि ती व गुडघ्याची खळगी यांत दोन-तीन बोटे मावावीत. बैठक याहून खोल असली तर पाठ टेकूपर्यंत पोचतच नाही आणि त्या टेकूचे पैसे फुकट जातात. खुर्चीला हात असतील तर ते टेबलाखाली जाणारे असावेत. नसतील तरी बिघडत नाही. डोक्याच्या टेकूचा मोह सोडा. पुढे वाकून चित्रे काढणाऱ्याने बैठक पुढे उतरती करता येते का हे पाहावे, किंवा खुर्ची आहे तीच ठेवून तिरकी फळी करून घ्यावी. पीटर ऑप्सविक यांची १९७९ सालची गुडघे टेकून बसायची बालान्स खुर्ची मी मैत्रिणीकडे वापरून पाहिली: तासभर सुख, मग नडग्या दुखतात. तिच्या डोलणाऱ्या पट्ट्या पाहिल्या की ती दिवसभर बसायला नसून बदल म्हणून आहे, हे कळते. लॅपटॉपवाल्यांना वेगळा कीबोर्ड घेतल्याशिवाय कोणतीही खुर्ची वाचवू शकत नाही.

दुकानात जाल तेव्हा घरच्या टेबलाची उंची लिहून न्या, चप्पल काढून बसा, आणि निदान अर्धा तास उठू नका. विक्रेता अस्वस्थ होईल, होऊ द्या.

मी खुर्ची बदलली नाही. टेबलाचे चारही पाय चार इंचांनी कापून घेतले आणि पायाखाली जेवणाचा जुना पाट ठेवला. सुताराने तीनशे रुपये घेतले. कापलेल्या चार तुकड्यांपैकी एक गॅलरीच्या दाराला अडण म्हणून वापरते. बाकीचे तीन अजून कपाटाखाली आहेत.