स्क्लेरोडर्मा आणि हाताचा एक्स-रे : आजार कातडीचा, मग फोटो हाडांचा कशाला?

साताऱ्या-सांगलीकडे थंडीत गार पाण्यात हात घातला की बोटं सगळ्यांचीच गारठतात. पण तुमची बोटं आधी पांढरीफटक, मग निळी आणि उबेला आली की लाल होत असतील, शिवाय बोटांची कातडी ताठरत असेल, तर डॉक्टर रक्ततपासणीबरोबर दोन्ही हातांचा एक्स-रेही काढायला सांगू शकतात. तो कशासाठी, हे या आजाराच्या इतिहासातून छान समजतं.

स्क्लेरोडर्मा म्हणजे कडक कातडी. 1753 मध्ये इटलीतल्या नेपल्सच्या कार्लो कुर्झिओ या डॉक्टरांनी अंग कडक झालेल्या एका तरुणीची हकिकत छापली. ती या आजाराची पहिली सविस्तर नोंद मानली जाते. 1862 मध्ये पॅरिसच्या मॉरिस रेनॉ यांनी बोटांच्या रंगबदलाचं वर्णन केलं. पण हे सगळं वरून दिसणारं होतं.

आपल्याकडे मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हाही जगात कुठल्याच डॉक्टरकडे कातडीखालची हाडं पाहायची सोय नव्हती. पुढच्याच वर्षी, 22 डिसेंबर 1895 रोजी, जर्मनीत रोंटगेन यांनी पत्नीच्या हाताचा एक्स-रे काढला. हाडं आणि बोटातली अंगठीही त्यात स्पष्ट दिसली.

मग 1911 मध्ये फ्रान्सच्या तिबिएर्ज आणि वाइसेनबाख यांनी कडक कातडीखाली साचणाऱ्या कॅल्शियमच्या खड्यांकडे लक्ष वेधलं. एक्स-रेत ते पांढरे ठिपके किंवा गुठळ्या दिसतात. बोटांच्या टोकांना जास्त, कधी मनगटापाशीही. दुसरा बदल शेवटच्या पेराच्या हाडात होतो. बारीक रक्तवाहिन्या अरुंद होऊन रक्त कमी पोचतं, आणि ते हाड टोकाकडून झिजून निमुळतं होतं. तिसरा बदल सांध्यांचा : बोटं आखडून वाकडी राहतात, तर काहींच्या बोटांच्या व मनगटाच्या सांध्यांतली फटही कमी होते.

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, हे खडे दूध किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे होत नाहीत. रक्तातलं कॅल्शियम बहुधा नॉर्मलच असतं. म्हणून मनानं गोळ्या बंद करू नका. सुईनं टोचून किंवा दाबून खडा काढायला जाऊ नका; जखम चिघळते. पांढरा चुन्यासारखा स्राव आला तर डॉक्टरांना दाखवा.

दोन, एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे आजार नाही, असं नाही. 2013 मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत हाताच्या एक्स-रेला एकही गुण नाही. तिथे कातडीचा ताठरपणा, बोटांच्या टोकांच्या जखमा, नखांच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या, रेनॉ, रक्तातली प्रतिपिंडं आणि फुप्फुसांचे बदल मोजतात. एक्स-रे सांगतो, हाताचं नुकसान किती झालंय.

तीन, हा आजार हातापुरता नसतो. धाप, कोरडा खोकला, गिळताना अडखळणं अंगावर काढू नका. रक्तदाब नियमित मोजा. तो अचानक वाढला तर मूत्रपिंडं धोक्यात असू शकतात, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मनानं स्टेरॉइड तर मुळीच घेऊ नका, त्यानं हाच धोका वाढतो.

हात उबदार ठेवा, तंबाखू-सिगारेट सोडा, आणि जुने एक्स-रे जपून ठेवा. नव्याशी ताडून पाहिले की आजार थांबलाय की पुढे सरकतोय, हे कळतं.