आगमनकालाचा पहिला रविवार आणि नागपूरचें ख्रिस्ती ऐक्य

(१) विषयप्रवेश

नागपुराहून औरंगाबादेकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर कारंजें मागें टाकल्यावर पुढें शेलूबाजार लागतें. मंगरूळपीर तालुक्यांतील हें गांव नांवाप्रमाणेंच बाजाराचें गांव आहे. इंग्रजी अमदानींत हा मुलूख वऱ्हाडच्या बाशीम जिल्ह्यांत मोडत असे. १९०५ सालीं तो जिल्हा मोडून मंगरूळ तालुका अकोल्यास जोडण्यांत आला. पुढें १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा पुन्हा निराळा झाला. अशा ठिकाणीं राहणाऱ्या व संस्कृताच्या अध्यापनांत जन्म घालविलेल्या मनुष्यानें ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासांत कां शिरावें, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. त्याचें कारण प्रथम सांगितलें पाहिजे.

आमच्या हाताखालीं शिकून गेलेले एक ख्रिस्ती गृहस्थ नोव्हेंबर अखेरीस आमच्याकडे आले होते. त्यांच्या मंडळींत आगमनकालाच्या पहिल्या रविवारची उपासना व्हावयाची होती, आणि त्यानंतर गरजू घरीं धान्य व पांघरुणें पोंचविण्याचें ठरलें होतें. बोलतां बोलतां त्यांनीं विचारलें, “गुरुजी, हा आगमनकाल खरोखर आमचा, कीं साहेबानें जातांना मागें ठेवलेला?” आम्हीं त्यांस शब्दाचा अर्थ सांगून वाटेस लावलें. तें उत्तर अपुरें होतें, असें मागाहून आमच्या ध्यानांत आलें. ‘आमचा कीं साहेबाचा’ हा प्रश्न व्युत्पत्तीनें सुटणारा नाहीं. तो इतिहासाचा आहे. त्या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाचा दिवस आमच्याच विदर्भांत, नागपूर येथें, उगवलेला आहे.

(२) शब्द आणि काल

‘आगमनकाल’ हा लॅटिन ‘अद्वेन्तुस्’ या शब्दाचा मराठी पर्याय. त्यांतील ‘वेनिरे’ हा धातु व संस्कृत ‘गम्’ धातु हे एकाच मूळ धातूपासून निघाले, असें तौलनिक भाषाशास्त्र सांगतें. तेव्हां आगमन हें अद्वेन्तुसचें नुसतें भाषांतर नसून त्याचें सगोत्र आहे. रोमन लोकांत सम्राटाच्या नगरप्रवेशास हा शब्द लावीत. ख्रिस्ती मंडळीनें तो आपल्या प्रभूच्या येण्यास लावला. हें येणें दुहेरी मानलें आहे: एक बेथलेहेमांत झालेलें, दुसरें कालांतीं व्हावयाचें. म्हणून या काळांत उत्सवापेक्षां प्रतीक्षा व आत्मशोधन यांस अधिक मान आहे.

३० नोव्हेंबर या आंद्रियाच्या सणास जो रविवार सर्वांत जवळ पडेल, त्या दिवशीं हा काल सुरू होतो. अर्थात् तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. नाताळपूर्वीचे चार रविवार त्यांत सामावतात. पाश्चात्त्य चर्चच्या उपासनावर्षाचा हा पाडवाच होय. पांचव्या शतकांत गॉल देशांतील तूर येथील बिशप पर्पेत्युस यानें ११ नोव्हेंबरच्या मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यांतून तीन दिवस उपास घालून दिला होता, अशी नोंद तूरच्याच ग्रेगरीनें सहाव्या शतकांत केलेली आहे. मूळचें स्वरूप असें व्रताचें होतें.

आपल्याकडे कार्तिकी एकादशीस देव जागे होतात आणि चातुर्मासाचे नियम सुटतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत ख्रिस्ती शेजाऱ्याचा जागे राहण्याचा काळ सुरू होतो. हें सादृश्य मनोरंजक खरें, परंतु सादृश्य म्हणजे संबंध नव्हे, हें येथें बजावून ठेवतों.

(३) मराठींतील पहिली प्रतीक्षा

महाराष्ट्रांत हा काल प्रथम आला तो पोर्तुगीजांबरोबर. १५३४ सालीं वसई त्यांच्या हातीं गेली, आणि त्या बाजूस रोमन कॅथॉलिक पंचांग रूढ झालें. परंतु परक्या पंचांगांतील तिथि पाळणें निराळें, आणि तिच्यामागील भाव स्वभाषेंत उतरणें निराळें. हें दुसरें काम इंग्लंडांत जन्मलेल्या फादर स्टीफन्स या जेझुइटानें केलें. तो १५७९ सालीं गोव्यास आला. त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें, आणि त्याच्या ओव्या दहा हजारांवर आहेत.

या ग्रंथाची मांडणी आमच्या विषयास उपकारक आहे. त्याचे पहिलें व दुसरें असे दोन भाग असून पहिल्यांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अध्याय आहेत. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वीचा वृत्तांत आला आहे. प्रत्यक्ष ख्रिस्तचरित्र दुसऱ्यांत. म्हणजे ९५ पैकीं ३६ अध्याय कवीनें ज्याची वाट पाहावयाची त्याच्या प्रतीक्षेस दिले. चार रविवारांत उपासक जें करतो, तेंच स्टीफन्सनें ओवीबद्ध केलें आहे. आगमनाची कल्पना मराठी वाणीस चारशें वर्षांची परिचित आहे, असें म्हणण्यास हा आधार पुरेसा आहे.

(४) सण न पाळणारे धर्मोपदेशक

आतां प्रॉटेस्टंट शाखेकडे वळूं. महाराष्ट्रांतील तिचा जुना व मोठा प्रवाह अमेरिकन मराठी मिशनचा. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस उतरले. १८३१ सालीं अहमदनगरचें ठाणें झालें. ही मंडळी न्यू इंग्लंडच्या प्यूरिटन परंपरेंतील. त्या परंपरेचा नियम असा कीं, जें शास्त्रांत सांगितलेलें नाहीं तें उपासनेंत आणूं नये. रविवार हाच काय तो सण. मॅसॅच्युसेट्समध्यें १६५९ सालीं नाताळ पाळणारास पांच शिलिंग दंड करण्याचा कायदा झाला होता. तो १६८१ सालीं रद्द झाला. जेथें नाताळाची ही दशा, तेथें त्याच्या पूर्वतयारीच्या चार आठवड्यांस कोण विचारतो?

नागपुरासही हीच गोष्ट घडली. तेथें १८४५ सालीं, भोसल्यांचें राज्य असतांच, स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे आले. स्कॉटलंडच्या धर्मसुधारकांनीं १५६० सालच्या आपल्या पहिल्या शिस्तग्रंथांतच नाताळादि सण टाकून दिले होते. त्या देशांत नाताळची सार्वजनिक सुटी सुरू झाली ती १९५८ सालीं. अशा परंपरेंतून आलेल्या हिस्लॉप यांनीं शाळा काढल्या व गोंडांच्या भाषाचालींविषयीं टिपणें केलीं. त्यांच्या नांवाचें महाविद्यालय १८८३ पासून चालत आलें आहे. परंतु आगमनाचे रविवार मोजणें त्यांच्या पूर्वजांच्या धर्मांत बसत नव्हतें.

ते रविवार मोजले जात ते अँग्लिकन मंडळींत. त्यांचा प्रार्थनाग्रंथ आगमनाच्या पहिल्या रविवारच्या प्रार्थनेनें वर्ष उघडतो. अंधाराचीं कर्में टाकून प्रकाशाचीं शस्त्रें धारण करावीं, या पौलाच्या उपदेशावर ती रचलेली आहे, आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत ती रोज म्हणावी असा १६६२ च्या ग्रंथाचा दंडक आहे. १९०३ सालीं नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला; आयर चॅटर्टन हे त्याचे पहिले बिशप. गोंडवनाचा इतिहास लिहिणारे ते हेच. सदर भागांतील ऑल सेंट्स हें त्यांचें कॅथेड्रल. मूळ परंपरा पाहिल्या तर एकाच शहरांत एक मंडळी आगमनकाल पाळणारी व दुसरी तो नाकारणारी, अशी स्थिति होती. ‘साहेबाचा सण’ हा प्रयोग म्हणूनच फसवा ठरतो. कारण साहेबासाहेबांतच त्याविषयीं एकमत नव्हतें.

(५) २९ नोव्हेंबर १९७०

या भिंती इकडील मंडळींनीं स्वतः बांधलेल्या नव्हत्या. त्या दूरदेशीं, दुसऱ्यांच्या भांडणांत उठल्या व वारशानें येथें आल्या. ही जाणीव वाढली तसें ऐक्याचें बोलणें सुरू झालें. १९२४ सालीं प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालें. १९२९ सालीं लखनौ येथें इतर मंडळ्यांसह पहिली गोलमेज बैठक भरली. दक्षिणेंत २७ सप्टेंबर १९४७ रोजीं चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झालें. उत्तरेकडे मात्र बिशप असावा कीं नसावा, बाप्तिस्मा अर्भकास द्यावा कीं जाणत्यास, अशा प्रश्नांवर वर्षें लोटलीं. ऐक्याच्या योजनेची चौथी आवृत्ति १९६५ सालीं सिद्ध झाली, आणि तिच्या आधारें निर्णय झाला.

२९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. सहा मंडळ्या एकत्र आल्या: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट मंडळ्यांचें कौन्सिल, चर्च ऑफ द ब्रेदरन, डिसायपल्स ऑफ क्राइस्ट, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट. एरिक नासीर हे पहिले मॉडरेटर झाले.

तो दिवस रविवार होता, आणि तोही आगमनकालाचा पहिला रविवार. पंचांग पाहतां त्या दिवशीं शके १८९२ ची मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा होती. गीतेनें ज्या मासास मासांत अग्रस्थान दिलें त्याचा पहिला दिवस. हा दुसरा योग केवळ गणिताचा आहे व त्यावर आम्ही कांहीं रचूं इच्छीत नाहीं. पहिल्याचें महत्त्व मात्र लहान नाहीं. ज्यांच्या पूर्वजांनीं नाताळ पाळणारास दंड केला, ज्यांनीं सणांची यादीच फाडून टाकली, त्यांचे भारतीय वारस आगमनाच्या रविवारीं, आगमन पाळणाऱ्यांबरोबर, एका मंडळींत आले. हिस्लॉपच्या परंपरेंतील मंडळी व चॅटर्टनची मंडळी एक झाली. येथें कोणी कोणास जिंकलें नाहीं. दंड करणारे व दंड भरणारे दोघेही परके होते. त्या दिवशीं जे एकत्र आले त्यांनीं त्या भांडणाचा वारसा सोडला आणि रविवार तेवढा ठेवला.

(६) जे बाहेर राहिले

इतिहास लिहावयाचा तर आनंदाच्या दिवशीं कोण गैरहजर होतें हेंही लिहिलें पाहिजे. अमेरिकन परंपरेच्या मेथॉडिस्ट चर्चनें दीर्घकाळ वाटाघाटींत भाग घेतला होता. परंतु समारंभास कांहीं महिनेच उरले असतां, १९७० सालींच, त्यानें अंग काढून घेतलें. १९८१ सालीं तें मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया या नांवानें स्वायत्त झालें.

ही गोष्ट आमच्या भागास विशेष लागू आहे. वाशिमास ठाणें होतें तें याच अमेरिकन मेथॉडिस्टांचें. अकोल्याकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचें कार्य, यवतमाळास फ्री मेथॉडिस्टांचें. तीं दोन्हीही या ऐक्यांत नव्हतीं. नागपूर शेलूबाजारापासून सुमारें दोनशें किलोमीटर, एकाच रस्त्यावर. पण ऐक्याची ती दिंडी त्या रस्त्यानें आमच्यापर्यंत आली नाहीं.

तथापि येथेंही इतिहास एक दार उघडें ठेवतो. मेथॉडिस्टांचे मूळपुरुष जॉन वेस्ली यांनीं १७८४ सालीं अमेरिकेंतील अनुयायांसाठीं प्रार्थनाग्रंथ संक्षिप्त करून पाठविला, तेव्हां अनेक सण गाळले, पण आगमनाचे रविवार राखले. तेव्हां जे ऐक्याच्या बाहेर राहिले त्यांच्याही घरच्या दप्तरांत हा काल आहे.

(७) उपासना व सेवा

आमच्या विद्यार्थ्याच्या मंडळींत उपासनेस जोडून धान्यवाटप होतें, हें केवळ दयाबुद्धीनें जोडलेलें शेंपूट नव्हे. या काळांतील वाचनांत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानास मोठें स्थान आहे. ‘आम्ही काय करावें’ असें लोकांनीं विचारलें तेव्हां त्यानें उपासतापास सांगितले नाहींत. दोन अंगरखे असतील त्यानें एक नसलेल्यास द्यावा, अन्नाचेंही तसेंच करावें, आणि जकातदारानें ठरल्याहून अधिक घेऊं नये, असें लूकच्या शुभवर्तमानांत आहे. आगमनाची तयारी म्हणजे वाटा उचलणें, हा अर्थ मूळ ग्रंथांतलाच आहे.

आज कित्येक मंडळ्यांत दर रविवारीं एकेक मेणबत्ती लावतात, तिचा उगमही असाच. हँबुर्ग येथील योहान विचर्न यानें १८३३ सालीं निराधार मुलांसाठीं घर काढलें होतें. ‘नाताळ केव्हां’ असें मुलें रोज विचारीत. म्हणून १८३९ सालीं त्यानें गाडीच्या जुन्या चाकावर मोठ्या व लहान मेणबत्त्या बसविल्या. मोठ्या चार रविवारांच्या, लहान इतर दिवसांच्या. मोडक्या गाडीचें चाक व पोरकीं मुलें! शेलूबाजारच्या बाजारांत या दोहोंचें मोल सांगावें लागणार नाहीं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या बोधवाक्यांतही ऐक्य व साक्ष यांच्या पंक्तीस तिसरा शब्द सेवा हाच आहे. नागपूरचें म्यूर मेमोरियल रुग्णालय व अचलपुराजवळील कोठारा येथील कुष्ठरुग्णांचें रुग्णालय यांनीं या शब्दाचा अर्थ विदर्भास व्याख्यानावांचून शिकविला.

आतां मूळ प्रश्नाचें उत्तर. सण कोणी आणला, यावर त्याची मालकी ठरत नाहीं. त्या सणांत कोण काय करतो यावर ठरते. स्टीफन्सनें तो मराठीच्या ओवींत आणला; प्यूरिटन व स्कॉट यांनीं तो नाकारला; आणि १९७० सालीं नागपुरांत भारतीय मंडळींनीं, कोणाच्याही आज्ञेवांचून, आपल्या नव्या घराची पायरी म्हणून तोच दिवस धरला. त्या क्षणापासून तो साहेबाचा राहिला नाहीं. राहिलें तें एवढेंच कीं, ऐक्य पुरें झालेलें नाहीं. आणि जें पुरें झालें नाहीं त्याची वाट पाहणें, हाच तर या काळाचा धर्म आहे.

आमच्या विद्यार्थ्यास हें उत्तर आम्ही आतां लेखी देत आहों. त्या दिवशीं तो धान्याचीं पोतीं कोणाकोणाच्या दारीं नेणार, हें विचारण्याचें आम्ही विसरलों होतों. मागाहून समजलें कीं यादीत पंथ विचारलेला नव्हता. असो.