मास्तर पाटी हातात घेते का?

पांढुर्ण्यात माझ्या आजीच्या पिढीनं शाळेचं नाव कधी घेतलं नाही, मास्तराचं घेतलं. "लेकरू कोणापाशी टाकलं?" असा प्रश्न असायचा. मास्तराची बदली झाली की तीच कौलं, तीच टाटपट्टी, घंटा म्हणून टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तोच तुकडा, आणि शाळेचं नाव मात्र महिन्याभरात चढलेलं नाहीतर उतरलेलं. चांगला मास्तर गेला की बाया विहिरीवर हळहळत, आणि पुढच्या पावसाळ्यात पाच-दहा पोरं दुसऱ्या वॉर्डातल्या शाळेकडे चालू लागत.

आजी स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती, पण शाळा पारखायची तिची रीत पक्की होती. मास्तर घंटेच्या आधी येतो की नंतर. पोरगं पावकी-निमकी म्हणतं की नुसती बाराखडी गिरवत बसतं. संध्याकाळी तो गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत दिसतो की गुत्त्यावर. तुकडोजी महाराजांचा प्रभाव आमच्या भागात असा होता की प्रार्थनेत मांडी घालून बसलेल्या मास्तराला अर्धं प्रशस्तिपत्र तिथेच मिळून जाई. आणि शेवटची कसोटी कापसाची. दिवाळीनंतर वेचणी लागली की निम्मा वर्ग शेतात. त्या दिवसांत जो मास्तर पोरांची नावं काटत नाही, उलट संध्याकाळी ओट्यावर बोलावून राहिलेलं भरून घेतो, तो चांगला. "ज्याले आपली वेचनी समजते, त्याले आपलं पोट्टं समजते," हे तिचं वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की ते म्हणच वाटायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे तान्हा पोळा असतो, आमच्याकडे गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवायचं, त्याला झेंडा बांधायचा, आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव असे दिवसभर दगड. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात. आता पोलीस येतात, अ‍ॅम्ब्युलन्स उभ्या राहतात, तरी डोकी फुटायची ती फुटतातच. आजी एका मास्तराची गोष्ट सांगायची. गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी तो हजेरी घ्यायच्या आधी प्रत्येक पोराचं डोकं बघायचा. टाळूवरचे केस बाजूला सारून, कानामागे, मानेवर. खोक दिसली की त्याला हळद लावून दवाखान्यात धाडायचा. मग उरलेल्यांना टाटपट्टीवर बसवायचा, एक पांढुर्ण्याचा, एक सावरगावचा, एक पांढुर्ण्याचा, एक सावरगावचा. आदल्या दिवशी ज्यांच्या बापांनी एकमेकांवर दगड भिरकावले, त्यांच्या पोरांना एका पाटीवर बेरीज करायला लावायचा. त्या मास्तराचं नाव इतकं झालं की सावरगावचे लोक नदी ओलांडून पोरं आणू लागले, असं आजी म्हणायची. तिच्या गोष्टींत माणसं नेहमी थोडी जास्त येतात, तेवढी सूट द्यायची.

पण हे जुनं सगळं सोनं होतं असं मानायला मी तयार नाही. पोरीसाठी एवढी पारख कोणी केली? जवळची शाळा, चौथीपर्यंत, झालं. आणि दुसरी गोष्ट मला आजीनं सांगितली नाही. ती आमच्या घरामागच्या वस्तीतल्या दादाजींनी सांगितली.

दादाजींच्या बापानं त्यांना घराजवळच्या शाळेत घातलं नाही. लांबच्या शाळेत घातलं. कारण विचारलं तर ते म्हणाले, "माह्या बापाचा एकच सवाल होता. मास्तर पाटी हातात घेते का?" जवळच्या शाळेतला मास्तर या वस्तीतल्या पोरांना पाटी जमिनीवर ठेवायला लावायचा आणि छडीचं टोक टेकवून चूक दाखवायचा. बोट लावत नसे. लांबच्या शाळेतला मास्तर पाटी उचलायचा, स्वतःच्या धोतराला पुसायचा आणि त्यावर वळणदार 'अ' काढून परत द्यायचा. "ह्या मास्तराले हिशेब कमी येत होता," दादाजी हसत म्हणाले, "पन माह्या बापाले हिशेब चांगला येत होता." गावात मात्र नाव जवळच्या शाळेचंच मोठं होतं. शाळेचं नाव चांगलं, असं लोक म्हणतात तेव्हा ते कुणासाठी चांगलं, हे विचारायचं मी दादाजींकडून शिकले.

हेच दादाजी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. परत आले आणि अठरा दिवसांत, १ नोव्हेंबरला, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं. "धर्म आमी बदलवला, राज्य सरकारनं," ते सांगत.

त्या राज्यबदलाचा शाळेशी संबंध समजायला जरा मागे जावं लागतं. मध्यप्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी नागपूर. आमची सौंसर तहसील छिंदवाडा जिल्ह्याची, पण सिल्लेवानी घाटाच्या खालची. घाटावर हिंदी, घाटाखाली मराठी. १९४८ साली द्वारकाप्रसाद मिश्रांच्या पुढाकारानं जिल्हा कौन्सिलं जाऊन तहसीलवार जनपद सभा आल्या, आणि खेड्यांतल्या प्राथमिक शाळा 'जनपदच्या' झाल्या. म्हातारी माणसं अजूनही जनपदची शाळाच म्हणतात. १९५६ला रेघ ओढली गेली ती जिल्ह्याच्या हिशेबानं. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्यात हिंदी जास्त, म्हणून तो अख्खा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्या पोटात सौंसर-पांढुर्णा. शेजारी बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईचंही तेच. शंभर किलोमीटरच्या आतलं नागपूर परराज्य झालं आणि कॉलेजचे कागद सागर विद्यापीठाकडे जाऊ लागले.

आता बापांपुढे नवा सवाल आला. मास्तर कोण, याच्या जोडीला भाषा कोणती.

सौंसरला माझं आजोळ. तिथल्या मोठ्या मामांची गोष्ट आमच्या घरात कुजबुजत सांगितली जाते, कारण त्यावरून आमचे आबाजी, म्हणजे आजोबा, आणि ते वर्षभर बोलले नव्हते. मामा धाकट्या भावाला शाळेत घालायला गेले. मास्तरानं रजिस्टर उघडलं. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख. मग टाक दौतीत बुडवून विचारलं, "मातृभाषा?" घरात हिंदीचा एक शब्द कोणी बोलत नसे. मामा म्हणाले, "हिंदी लिहा." उद्या नोकरी भोपाळला मागायची आहे, नागपूरला नाही, एवढाच त्यांचा विचार. मास्तर मराठीच होता. त्यानं मान वर केली नाही, लिहिलं. 'काळे'चं 'काले' त्या रजिस्टरात आधीच झालं होतं. त्याबद्दल कोणी भांडलं नाही.

त्या एका शब्दाला किती वजन होतं, हे मला फार पुढे कळलं. ऑगस्ट १९४९मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेनं ठरवलं होतं की वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस पोरं एका मातृभाषेची असतील, तर त्या भाषेत शिकवणारा निदान एक शिक्षक द्यावा. मातृभाषा कोणती, ते पालक सांगेल तीच. राज्यपुनर्रचनेबरोबर घटनेत ३५० (क) कलम आलं, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय राज्यांनी करावी म्हणून. म्हणजे कायदा बाजूनं होता. फक्त पोरं मोजावी लागत होती, आणि मोजणी बापाच्या तोंडावर होती. मामांनी एक पोरगं काढलं. तसाच विचार गल्लीतल्या आणखी चौघांनी केला असेल तर पुढच्या वर्षी मराठीचा वर्ग नवावर आला असेल. मामांना दोष देणं मला जमत नाही. त्यांच्या धाकट्या भावाला नोकरी खरंच लागली, भोपाळलाच. मात्र आबाजींचा राग राज्याच्या सीमेवर नव्हता, त्या टाकावर होता, हे मला आता पटतं. ते आयुष्यभर नागपूरचे मराठी पेपर वाचत राहिले आणि मामांच्या पोरांना हिंदीत पत्रं लिहीत राहिले.

सौंसरचंच आणखी एक ऐकलेलं. तहसीलीचं गाव, त्यामुळे तहसीलदार, ओव्हरसियर, डॉक्टर हे तिथे राहत. छोट्या लाइनच्या गाडीतून उतरलेल्या साहेबाचं सामान बैलगाडीतून क्वार्टरकडे निघालं की मामी आधी पाहायची, सोबत लेकरं किती. ती लेकरं ज्या शाळेत जातील ती शाळा वर्षभर चांगली. खापरी गळायची थांबायची, मास्तर वेळेवर यायचा, शाळा-तपासनीस दोनदा यायचा. साहेबाची बदली झाली की पुन्हा गळती सुरू. मामीचं निदान मला कुठल्याही समितीच्या अहवालापेक्षा पक्कं वाटतं. १८ ऑगस्ट २०१५ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशच्या अधिकाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत असा आदेश दिला, तेव्हा मला मामीच आठवली. तो आदेश कागदावरच राहिला, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मधल्या काळात मध्य प्रदेशानं शाळा काढल्या नाहीत असं नाही. १ जानेवारी १९९७ला शिक्षण गॅरंटी योजना आली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि चाळीस पोरं असतील, आदिवासी भागात पंचवीस, तर गावानं मागणी करायची आणि सरकारनं ९० दिवसांत गुरुजी द्यायचा. पुन्हा तोच चाळीसचा आकडा. या वेळी तो शाळा उघडायच्या कामी आला.

आणि नेमकं शाळा हाकेच्या अंतरावर आल्यावर चांगल्या घरची पोरं तिथून निघायला लागली. सुरुवात शिशु मंदिरांपासून. तिथे मास्तराला आचार्यजी आणि बाईंना दीदी म्हणायचं. मग इंग्रजी शाळा, पिवळ्या व्हॅन, गळ्यात टाय. यात इंग्रजीचा वाटा जेवढा सांगतात तेवढा नाही, असं माझं मत आहे. मोठा वाटा वयाचा. सरकारी शाळा सहाव्या वर्षी पोराला पहिलीत घेते; नर्सरी तिसऱ्या वर्षी घेते. अंगणवाडीला आई-बाप शाळेत धरत नाहीत. म्हणजे वॉर्डातल्या शाळेची पाळी येते तोवर पोरगं तीन वर्षं टाय लावून फिरलेलं असतं. त्याला तिथून काढून टाटपट्टीवर बसवायला कोणाचं मन धजेल? त्यात १ एप्रिल २०१०पासून शिक्षण हक्काचा कायदा आला, आणि खाजगी शाळेतल्या २५ टक्के जागांवर गरिबांच्या पोरांचा प्रवेश, फी सरकारची. ज्या पालकाला पोराची खरी काळजी, तोच फॉर्म भरायला धावतो. वॉर्डातल्या शाळेतून पहिलं तेच घर जातं.

दुपारच्या जेवणाबद्दलही लोक तोंडावर बोलत नाहीत ते बोलायला हवं. बचतगटाच्या बाया वरण-भात, पोळी-भाजी करतात, ताटं लागतात. आमच्या नात्यातल्या एक बाई सहज म्हणाल्या, "तिथं तं जेवाले जाते पोट्टे." वाक्य जेवणाचं होतं, पण त्याखालचा सवाल जुनाच, पंगतीला शेजारी कोण बसतं. दादाजींच्या बापाचा प्रश्न उलटा करून विचारला की असा होतो.

गुरुजींची बाजूही सांगते. आमच्या वॉर्डातल्या शाळेतले एक गुरुजी निवडणूक आली की मतदार यादीचे बीएलओ, एरवी सरकारी योजनांना लागणाऱ्या समग्र आयडीची दुरुस्ती, मग आणखी कसला सर्व्हे. दोन शिक्षकांत पाच वर्ग, त्यातला एक रस्त्यावर. आजीची पहिली कसोटी, मास्तर घंटेच्या आधी येतो का, त्यावर ते पास आहेत. घंटेनंतर ते कुठे असतात हे त्यांच्या हातात नाही.

५ ऑक्टोबर २०२३ला पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. घाट चढून छिंदवाड्याला जायची कटकट मिटली. कलेक्टर आले, खाती आली, घरभाडी वाढली. नव्या साहेबांची लेकरं कुठे जातात ते मी मामीसारखीच पाहते. व्हॅनमध्ये जातात.

यंदा माझ्या पुतण्याच्या पोरीच्या प्रवेशावरून घरात वाद आहे. पुतण्याला व्हॅन हवी. सुनेचं माहेर मुलताईकडचं, ती स्वतः सरकारी शाळेत शिकलेली. ती कोणाला न सांगता एका सकाळी वॉर्डातल्या शाळेत जाऊन बसली. आल्यावर तिनं जे सांगितलं त्यात इमारत नव्हती, निकाल नव्हता. मुलींच्या संडासाला कडी आहे पण किल्ली ऑफिसात असते. पाण्याची टाकी धुतलेली. पहिलीच्या मॅडम पोरांच्या वह्या मांडीवर घेऊन तपासतात, आणि तपासताना पोराला घरच्या बोलीत विचारतात, पुस्तकातल्या हिंदीत नंतर वळवतात. वर्गात पोरं कमी आहेत, त्यामुळे प्रत्येकाची वही रोज बघितली जाते. "व्हॅनवाल्या शाळेत मी विचारलं, वही कोण पाहते, तं त्यांनी मले फीचं कार्ड देलं," ती म्हणाली.

पुतण्या म्हणतो, पोरं कमी आहेत म्हणजे शाळा उद्या दुसऱ्या शाळेत मिसळून टाकतील, मग? हा प्रश्न खोटा नाही. शेवटी तडजोड झाली ती अशी: तिसरीपर्यंत इथे, मग पाहू. संडासाच्या किल्लीचं बोलायला सून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जाणार आहे. त्या समितीत पालकच जास्त असतात हे कायद्यात लिहिलेलं तिनं मोबाइलवर वाचून काढलं, आणि पुतण्याला सांगितलं की बैठकीच्या दिवशी दुकान तू सांभाळ.