पाचशेची अट

‘लिमिटेड एडिशन’ म्हटलं की आज अमेरिकेत लोकांना मुद्दाम कमी काढलेली गाडी आठवते. डॉजने 2018 ची चॅलेंजर डीमन 3,300 नगांवर थांबवली, ती अशाच हिशेबाने: मागणी मोठी, नग मोजके. मला ज्या गाड्यांविषयी लिहायचं आहे त्यांचं गणित अगदी उलटं होतं. शर्यतीत गाडी उतरवायची तर तशीच गाडी रस्त्यावरच्या गिऱ्हाइकालाही विकायला ठेवली पाहिजे, आणि तीही निदान 500 नग, असा अमेरिकेतल्या मोटार-शर्यती चालवणाऱ्या नासकार या संस्थेचा नियम होता. कंपन्यांना शर्यत हवी होती, म्हणून त्यांनी ती अट पाळली. 1969 आणि 1970 या दोन वर्षांत त्या अटीपोटी जे जन्माला आलं, त्याच्यापुढे आजच्या लिमिटेड गाड्यांवरच्या नंबर कोरलेल्या पट्ट्या मला फिक्या वाटतात.

माझी उमर गाड्यांच्या पत्र्यात गेली, आधी पिंपरीला आणि मग इकडे मिशिगनमध्ये. त्यामुळे या गोष्टीतलं इंजिन मला दुय्यम वाटतं. ही पत्र्याची गोष्ट आहे.

1968 ची डॉज चार्जर दिसायला देखणी होती, पण तिची पुढची जाळी खोल खोबणीत बसवलेली आणि मागची काच छताच्या दोन उतरत्या कडांच्या मधे आत दबलेली. गावात फिरताना त्याने काही बिघडत नाही. ताशी 180 मैलांना मात्र पुढच्या खोबणीत हवा कोंडते आणि मागच्या काचेवर गाडीचं बूड उचलायला लागते. डॉजने उपाय केला: जाळी ओढून तोंडाशी आणली, काच छताच्या उताराला सपाट मिळवली आणि गाडीला नाव दिलं चार्जर 500.

फोर्डने यावर जे केलं ते मला अजून शिकवावंसं वाटतं. त्यांनी आपल्या टोरिनो गाडीचं नाक लांबवून उतरतं केलं. पुढच्या बंपरसाठी नवा साचा पाडला नाही. मागचाच बंपर कापून, मधे निमुळता करून, जोडून पुढे लावला. दरवाजांखालची पट्टी वर दुमडून घेतली. नियम होता की गाडी जमिनीपासून ठरावीक उंचीवर हवी, आणि मोजमाप त्या पट्टीपासून व्हायचं. पट्टी वर गेली, तशी शर्यतीची सगळी गाडी इंचभर खाली बसली. नियम मोडला नाही, पुरता वापरला. ही टोरिनो टालाडेगा 1969 च्या सुरुवातीला अटलांटाच्या कारखान्यात साडेसातशेच्या आसपास निघाली, फक्त तीन रंगांत. फेब्रुवारीत डेटोना 500 या शर्यतीत फोर्डच्या ली रॉय यारब्रोने शेवटच्या फेरीत चार्लस ग्लॉट्झबाखच्या डॉजला मागे टाकलं, तेव्हा त्या दुमडलेल्या पट्टीचं मोल सगळ्यांना कळलं.

डॉजचे अभियंते मग हातचं राखून वागले नाहीत. त्यांनी चार्जरला 18 इंची टोकदार नाक लावलं आणि डिकीवर दोन खांबांवर 23 इंच उंच पंख उभा केला. लोकांची नजर आडव्या पट्टीवर जाते. तिचं काम गाडीचं बूड दाबून धरणं. पण ते दोन उभे खांबही तितकेच मोलाचे. गाडी वळणावर तिरपी व्हायला लागली की हवा त्यांच्यावर आपटून तिला पुन्हा सरळ करते. तो उन्हाळा अभियंत्यांनी मिशिगनमधल्या चेल्सीच्या चाचणी-मैदानावर घालवला. या गाडीचं नाव चार्जर डेटोना. तिचे 503 नग झाले, नियमाला पुरेसे. बदल डेट्रॉईटच्या ‘क्रिएटिव्ह इंडस्ट्रीज’ या छोट्या कारखान्यात झाले, जिथे नाकं आणि पंख माणसांनी हातांनी बसवले.

गाडीची पहिली शर्यत अलाबामातल्या नव्याकोऱ्या टालाडेगा ट्रॅकवर, 14 सप्टेंबर 1969 ला होती. 2.66 मैलांची फेरी आणि 33 अंशांनी कललेलं वळण. वेग इतका वाढला की टायर फाटू लागले. रिचर्ड पेटीच्या पुढाकाराने बहुतेक नामांकित चालक आदल्या दिवशी निघून गेले. माझ्या मते ते बरोबरच होते. तोवर रबर पत्र्याच्या बरोबरीला आलं नव्हतं. उरलेल्यांत रिचर्ड ब्रिकहाउस जिंकला, डेटोना चालवून. नासकारच्या मुख्य मालिकेतला त्याच्या आयुष्यातला तो एकमेव विजय.

पेटी हा डॉजच्या भावंडाचा, म्हणजे प्लिमथचा, हुकमी एक्का, पण त्या वर्षी तो फोर्डकडे होता. प्लिमथकडे डॉजसारखी गाडी नव्हती आणि डॉज त्याला मिळाली नाही, म्हणून तो रुसून गेला होता. त्याला परत आणायला प्लिमथने 1970 साठी सुपरबर्ड काढली. तोवर नासकारने अट वाढवली होती: दर दोन विक्रेत्यांमागे एक गाडी. 500 वरून आकडा 1,900 च्या पुढे गेला. घाई इतकी होती की प्लिमथच्या मडगार्डांशी नवं नाक जुळेना, तेव्हा डॉज कोरोनेटची मडगार्डं आणून लावली.

सुपरबर्डचं छत काळ्या व्हायनिलचं का असतं, हे मी डेट्रॉईटजवळच्या एका गॅरेजमध्ये स्वतः पाहिलं. दुरुस्तीला आलेल्या गाडीचं व्हायनिल उतरवलं होतं. मागची काच सपाट करण्यासाठी जोडलेल्या पत्र्याच्या कडेला वेल्डिंगची ओबडधोबड रेघ, तिच्यावर घाईने भरलेली लांबी, आणि कानसेचे ओरखडे जसेच्या तसे. डेटोनाला हे सांधे घासून-पुसून रंगवले होते. 1,900 गाड्यांना तेवढी उसंत नव्हती, म्हणून वरून व्हायनिल ताणलं. मी त्या रेघेवरून बोट फिरवलं. तो पत्रा कुणी जोडला त्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही, आणि मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

पेटी परतला. त्याच्याच संघाच्या सुपरबर्डमधून पीट हॅमिल्टनने 1970 ची डेटोना 500 जिंकली. 24 मार्च 1970 ला टालाडेगावर बडी बेकरने चाचणीच्या डेटोनातून ताशी 200.447 मैलांची, म्हणजे सुमारे 323 किलोमीटरची फेरी काढली. नासकारच्या गाडीने बंद ट्रॅकवर काढलेली 200 मैलांपलीकडची ती पहिली. वर्षाचं अजिंक्यपद बॉबी आयझॅकला, तेही डॉजमधून.

गिऱ्हाइकांना मात्र या गाड्या पचल्या नाहीत. सुपरबर्डची छापील किंमत 4,298 डॉलर. एवढं लांब नाक घरच्या गॅरेजात मावायचं कसं आणि पंखाचं करायचं काय? कित्येक गाड्या विक्रेत्यांच्या अंगणात पडून राहिल्या. काहींनी नाक-पंख काढून त्या प्लिमथच्या साध्या रोड रनर म्हणून विकल्या. आणि 2022 साली इंडियानापोलिसच्या लिलावात ‘हेमी’ या ताकदवान इंजिनाची एक सुपरबर्ड 16.5 लाख डॉलरना गेली.

या गाड्यांचा शेवट नियमानेच केला. ऑगस्ट 1970 पासून मिशिगनच्या ट्रॅकवर इंजिनाची हवा रोखणारी पट्टी आली. 1971 ला नासकारने सांगितलं, नाक-पंख ठेवायचे तर इंजिन 305 घनइंचांपेक्षा मोठं नको, म्हणजे सातऐवजी पाच लिटर. बाकी सगळ्यांनी नाक-पंख सोडून दिले. एकट्या डिक ब्रुक्सने त्या वर्षीच्या डेटोना 500 मध्ये छोट्या इंजिनाची चार्जर डेटोना उतरवली. ती काही फेऱ्या आघाडीवरही होती. सात लिटरवाल्यांच्या गर्दीत ती सातवी आली, केवळ पत्र्याच्या जोरावर. शर्यत पेटीने जिंकली, नाक-पंख नसलेल्या साध्या प्लिमथमधून.