विशेष दलातील बदली : कनिष्ठ नेतृत्व

नियमित पलटणीत सेक्शन किंवा प्लॅटून सांभाळणाऱ्या नाईक, हवालदार, लेफ्टनंट अथवा कॅप्टनने स्वेच्छेने अर्ज करून, निवडचाचणी पार करून कमांडो, पॅराशूट वा तत्सम निवडक दलात दाखल होणे. नव्या रंगरुटाच्या निवडीहून हा प्रकार वेगळा आहे. येणाऱ्याजवळ हुद्दा आधीच असतो आणि त्याच्या हाताखाली येणारी माणसे त्या कामात त्याच्याहून मुरलेली असतात. त्या हुद्द्याचे काय करायचे, हा या बदलीतला मूळ प्रश्न. ब्रिटिशांनी खालच्या दर्जांचा हुद्दा काढून घेतला, अमेरिकनांनी नेतृत्वासाठी वेगळी परीक्षा ठेवली आणि भारतात निर्णयाचा मोठा भाग पलटणीच्याच हाती राहिला. चाचणीतील अंतरे व वजने यांविषयी मुबलक छापून आले आहे. येथे ती आवश्यक तेवढीच दिली आहेत.

पूर्वपीठिका : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने कमांडो दले उभारली, तेव्हा माणसे निरनिराळ्या रेजिमेंटांतून स्वेच्छेने आली. जुलै १९४१ मध्ये ईजिप्तमध्ये स्थापन झालेल्या ‘एल डिटॅचमेंट’मधून स्पेशल एअर सर्व्हिस (एसएएस) वाढली. तिचा संस्थापक डेव्हिड स्टर्लिंग त्या वेळी स्कॉट्स गार्ड्समधून कमांडो दलात आलेला लेफ्टनंट, म्हणजे स्वतःच या नोंदीत बसणारा कनिष्ठ अधिकारी होता. मोठ्या तुकडीऐवजी चार जणांचा गट हे त्याने एकक मानले. चौघांत हुकूम देणारा व पाळणारा यांतले अंतर फार ठेवता येत नाही. पुढच्या काळातील हुद्द्याविषयीची धोरणे बव्हंशी या आकड्यातून निघाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हिंदुस्थानात ५० वी पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. तिच्या तीन बटालियनांपैकी १५२ वी ही भारतीय सैन्याच्या वेगवेगळ्या रेजिमेंटांतील स्वयंसेवकांची होती.

ब्रिटिश पद्धत : युद्धानंतर बरखास्त झालेली एसएएस मलायातील मोहिमेमुळे पुन्हा उभी राहिली आणि १९५२ मध्ये २२ एसएएस ही नियमित रेजिमेंट झाली. निवडीला शिस्तबद्ध रूप देण्याचे श्रेय सामान्यतः जॉन वुडहाउस या अधिकाऱ्याला दिले जाते. उमेदवार सैन्याच्या कोणत्याही शाखेतून येतो. रस्त्यावरून थेट भरती नाही. पहिला टप्पा वेल्समधील ब्रेकन बीकन्स डोंगरांत होतो. ८८६ मीटर उंचीच्या पेन-वाय-फॅन शिखरावरून जाणारी चाल आणि शेवटची सुमारे ६४ किमीची, वीस तासांच्या आत संपवायची चाल ही त्यातील प्रसिद्ध अंगे. वाटेत कोणी ओरडत नाही आणि शाबासकीही देत नाही. उमेदवाराला पुढच्या ठिकाणाचा नकाशा-संदर्भ मिळतो. वेळेचे, वाटेचे आणि स्वतःच्या पायांचे गणित त्याचे त्याने करायचे. प्लॅटूनला रेटून पुढे नेण्याची सवय असलेल्या हवालदाराला ही शांतता पेलत नाही, असे अनेक आठवणींत आले आहे. पुढे जंगलाचा टप्पा येतो. तिथे चौघांच्या गटात राहायचे असल्याने डोंगरात एकट्याने उत्तम चाललेले अनेकजण गळतात. शेवटी शत्रूच्या हाती न लागणे आणि चौकशीला तोंड देणे यांची परीक्षा असते.

अधिकाऱ्यांसाठी याशिवाय एक वेगळा आठवडा असतो. थकलेल्या अवस्थेत अपुऱ्या माहितीवर मोहिमेचा आराखडा करायचा आणि तो रेजिमेंटच्या जुन्या सार्जंटांसमोर मांडायचा. ते त्याची चिरफाड करतात. एरवी कॅप्टनसमोर सावधान उभा राहणारा दर्जा येथे परीक्षक असतो. या आठवड्यापुढे डोंगरातली अंतरे दुय्यम ठरावीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निवड झाल्यावर दोन वाटा फुटतात. सार्जंट वा कॉर्पोरल असलेला सैनिक एसएएसमध्ये ‘ट्रूपर’ म्हणून, म्हणजे तळापासून सुरुवात करतो. त्याचा जुना हुद्दा मूळ रेजिमेंटच्या दप्तरी राहतो आणि परत पाठवणी झाल्यास त्याला मिळतो. दलातली बढती मात्र दलातच कमवावी लागते. अधिकाऱ्याचा हुद्दा जात नाही. तो साधारणतः कॅप्टन म्हणून सोळा-एक जणांच्या ट्रूपचा प्रमुख होतो. पण त्याची नेमणूक सुमारे तीन वर्षांची असते आणि त्याच्या ट्रूपमधला स्टाफ सार्जंट मात्र दहा-दहा वर्षे तिथेच असतो. त्यामुळे हुद्दा गमावलेला सार्जंट दलाचा कायमचा माणूस होतो आणि हुद्दा राखलेला कॅप्टन काही काळ पाहुणाच राहतो. हाच अधिकारी पुढे मेजर झाल्यावर स्क्वॉड्रन सांभाळायला परत येऊ शकतो. तेव्हा त्याच्या बोलावण्यात जुन्या ट्रूपचे मत विचारले जाते, असे सांगितले जाते. पीटर द ला बिलियेर हे डरहॅम लाइट इन्फन्ट्रीतून १९५६ मध्ये असेच आले आणि पुढे १९९०-९१ च्या आखाती युद्धात ब्रिटिश फौजांचे सेनापती झाले.

जुलै २०१३ मध्ये ब्रेकन बीकन्समध्ये राखीव दलाच्या उमेदवारांच्या चालीत उष्म्याने तिघांचा मृत्यू झाला. त्यानंतर चाचणी चालवणाऱ्यांची जबाबदारी किती, यावर ब्रिटनमध्ये बराच वाद झाला.

अमेरिकन पद्धत : ७५ व्या रेंजर रेजिमेंटमध्ये २००९ पासून निवडीचे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. कनिष्ठ सैनिकांसाठीचा पहिला सुमारे आठ आठवड्यांचा आहे. स्टाफ सार्जंट व त्यावरील हुद्दे आणि अधिकारी यांच्यासाठीचा दुसरा सुमारे तीन आठवड्यांचा. दुसरा लहान असला तरी सोपा मानला जात नाही. शारीरिक निकष (आठ किमी धाव चाळीस मिनिटांत, सुमारे सोळा किलो ओझ्यासह एकोणीस किमी चाल तीन तासांत) दोन्हीकडे सारखेच. फरक पुढे पडतो. मानसशास्त्रीय तपासणी, सोबतच्या उमेदवारांनी एकमेकांना दिलेले गुण आणि शेवटी वरिष्ठांच्या मंडळासमोर मुलाखत. सर्व चाचण्या उत्तीर्ण झालेल्यालाही हे मंडळ नाकारू शकते. लेफ्टनंटने आधी साध्या पलटणीत प्लॅटून चालवलेली असावी, ही अपेक्षा असते; रेंजरमधली प्लॅटून ही त्याची दुसरी. जॉर्जियातील रेंजर स्कूल हा नेतृत्वाचा सुमारे दोन महिन्यांचा अभ्यासक्रम निराळा असून तो पूर्ण करणारा प्रत्येकजण रेंजर रेजिमेंटचा होत नाही. वृत्तपत्रांत ही गफलत वरचेवर दिसते.

भारतीय पद्धत : १९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंह यांनी स्वयंसेवकांची ‘मेघदूत फोर्स’ चालवली. तिच्या अनुभवावरून १९६६ मध्ये ९ पॅरा (कमांडो) आणि पुढील वर्षी १० पॅरा (कमांडो) उभ्या राहिल्या. डिसेंबर १९७१ मध्ये लेफ्टनंट कर्नल सवाई भवानीसिंह यांच्या नेतृत्वाखाली १० पॅराने सिंधमधील छाछरोवर घातलेला छापा ही या दलांची सर्वांत परिचित कामगिरी. आज यांना पॅरा (स्पेशल फोर्सेस) म्हणतात.

येथील निवडीला ‘प्रोबेशन’ हाच शब्द रूढ आहे. तो काळ पूर्वी सहा महिन्यांपर्यंत असे. अलीकडची वर्णने साधारण तीन महिन्यांची आहेत. प्रोबेशन ज्या पलटणीत जायचे तीच पलटण घेते. त्यामुळे चाचणीचा तपशील पलटणीगणिक बदलतो आणि नाकारण्याचा अधिकार ज्यांना त्या माणसासोबत पुढे राहायचे आहे त्यांच्याकडेच असतो. अधिकारी आणि जवान एकाच प्रोबेशनमधून जातात. नव्या लेफ्टनंटकडून काम करून घेणारा बहुधा टीममधला हवालदार किंवा नाईक असतो. त्या काळापुरते ‘साहेब’ हे संबोधन बाजूला पडते. प्रोबेशन पार केल्यावर ‘बलिदान’ हा बिल्ला लावता येतो. विमानातून उडी मारण्याचे प्राथमिक प्रशिक्षण आग्र्याला होते. पाच उड्या, त्यांतली एक रात्रीची. उडी हा भाग तुलनेने सुकर समजला जातो. निवड झालेल्याचे स्वागत कसे होते, याविषयीच्या रंजक कथा येथे वगळल्या आहेत.

टीमचा प्रमुख मेजर, तिच्यातील ट्रूपचा प्रमुख कॅप्टन वा लेफ्टनंट आणि त्याखाली छोटे स्क्वॉड अशी सर्वसाधारण रचना आहे. अधिकाऱ्याची ज्येष्ठता संपूर्ण सैन्यात एकाच हिशेबाने चालते, म्हणून त्याची बदली कागदोपत्री सोपी. जवानाच्या बढतीचा हिशेब मुख्यतः त्याच्या पलटणीच्या यादीवर बसलेला असतो. बाहेरून हवालदार आणला तर आतल्या नाईकाची जागा अडते. पॅरामध्ये खालच्या दर्जांची आवक बव्हंशी शिपाईपणीच का होते, याचे व्यावहारिक कारण हेच. शारीरिक क्षमतेचे कारण त्यानंतरचे. ब्रिटिशांनी हुद्दा काढून घेऊन सोडवलेला पेच भारतात लवकर माणूस घेऊन टाळला गेला, असे म्हणता येईल.

बेळगाव : इन्फन्ट्री स्कूलची ज्युनिअर लीडर्स विंग बेळगावला आहे. तरुण अधिकारी व एनसीओ येथे कमांडो अभ्यासक्रम करतात आणि आपापल्या पलटणीच्या घातक (निवडक हल्ला) प्लॅटूनमध्ये परततात. हा अभ्यासक्रम म्हणजे विशेष दलातील प्रवेश नव्हे. तरीही पुढे तिकडे जाण्याची इच्छा अनेकांना येथेच होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटरही याच गावात असल्याने कोल्हापूर-साताऱ्याकडील मुलांना ‘कमांडो कोर्स’ हा शब्द सैन्यात जाण्याआधीच परिचित असतो.

पलटणच बदलणे : कधी माणूस बदलून जात नाही, संपूर्ण पलटणच निवडक दलात जाते. मराठा लाइट इन्फन्ट्रीत हे दोनदा घडले. तिची तिसरी बटालियन महायुद्धानंतर पॅराशूट पलटण झाली, १९४८ मध्ये ५० व्या पॅराशूट ब्रिगेडमधून काश्मीरमध्ये लढली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची स्थापना झाल्यावर २ पॅरा (मराठा) म्हणून तीत समाविष्ट झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली टांगाइलजवळ उतरलेली ती हीच पलटण; पुढे तीही विशेष दलात रूपांतरित झाली. दुसरे उदाहरण २१ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, जी १९९६ मध्ये २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) झाली.

यांपैकी २ पॅराच्या पूर्वेतिहासात कनिष्ठ नेतृत्वाचे एक नाव टाळता येत नाही. रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे हे तिसऱ्या बटालियनचे सेक्शन कमांडर. जुलै १९४४ मध्ये इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्याने त्यांचे सेक्शन जवळजवळ संपले, तेव्हा त्यांनी एकट्याने चाल करून ते ठाणे निकामी केले आणि तिथेच ते मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती पलटण त्या वेळी साधी पायदळाची होती आणि घाडग्यांनी कोणतेही प्रोबेशन दिलेले नव्हते, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

प्रतिनियुक्ती : राष्ट्रीय सुरक्षा गार्ड (स्थापना १९८४) येथील स्पेशल अ‍ॅक्शन ग्रुपमध्ये सैन्यातील माणसे काही वर्षांसाठी येतात व परत जातात. मूळ रेजिमेंट सुटत नाही. २६/११ च्या मुंबई हल्ल्यात ताज हॉटेलमध्ये मारले गेलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन बिहार रेजिमेंटचे होते आणि २००७ मध्ये या दलात आले होते. नरिमन हाउस येथे मारले गेलेले हवालदार गजेंदरसिंह पॅरा स्पेशल फोर्सेसमधून आलेले होते. दोघांनाही मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

नौदल व वायुसेना : त्यांची विशेष दले अनुक्रमे मार्कोस (स्थापना १९८७) आणि गरुड (२००४).

परती व आक्षेप : निवडक दले साध्या पलटणींतील उत्तम नेते ओढून घेतात आणि मागे राहिलेले सैन्य कमकुवत होते, ही तक्रार जुनी आहे. ब्रह्मदेश मोहिमेचे सेनापती विल्यम स्लिम यांनी ती सर्वांत ठासून मांडली. त्यांच्या मते विशेष दले जे करतात ते चांगल्या प्रशिक्षणाने कोणत्याही पलटणीला करता आले पाहिजे. याला संस्थात्मक उत्तर अमेरिकेचे जनरल क्रेटन अब्राम्स यांनी १९७४ मध्ये रेंजर बटालियन उभारताना दिले. येथे घडलेले नेते काही काळाने साध्या सैन्यात परत जावेत, अशी त्यांची अट होती. भारतात अशी ये-जा मुख्यतः अधिकाऱ्यांपुरती दिसते. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २१ पॅराचे. पण १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात ते मारले गेले, तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न असलेल्या ४१ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख होते. जो हवालदार प्रोबेशन पूर्ण न करता मूळ पलटणीत परततो, त्याला तिथे कोणती वागणूक मिळावी याचे लेखी नियम कोणत्याही सैन्यात फारसे महत्त्वाचे ठरत नाहीत. ती वागणूक बहुधा त्याच्या सुभेदारावर अवलंबून असते.